पिवळीचे सव्वीस संशयित

मेश्राम काका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी डब्यातले साखरेचे चार दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरून निरखले आणि चाटून पाहिले.

डब्यावर माझ्या अक्षरात, काळ्या शाईने, ‘साखर’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पुण्यात सहा वर्षं आणि इथल्या गावच्या लायब्ररीत एकवीस वर्षं मी पुस्तकांना नंबर चिकटवले आहेत. माझ्या लेबलावर अविश्वास दाखवलेला मला खपत नाही. मी म्हटलं, ‘‘साखरच आहे हो ती.’’

‘‘असेल ना वहिनी,’’ ते म्हणाले. ‘‘पण लिहिलं आहे म्हणून मानायचं नाही. तपासायचं.’’

मग त्यांनी दोन चमचे घालून चहा ढवळला. साखर ही साखरच निघाली, याने त्यांची थोडी निराशाच झाली असावी.

ईशान, मुक्ता, मी पाठवलेला फोटो पाहून तुम्ही फोनवर दोन प्रश्न विचारलेत. पहिला, ‘‘आजी, इज दॅट रिअली यू?’’ हो, ते लाल हेल्मेट घातलेलं गाठोडं म्हणजे मीच. दुसरा, ‘‘अँड हू इज दॅट मॅन?’’ त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. आईला वाचून दाखवायला सांगा, आणि तिने मधली पानं गाळली तर मला कळवा.

तुमच्या सांता क्लाराला बर्फ फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात असतो. आमच्या उत्तर मिनेसोटात तो नोव्हेंबरला येतो आणि एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही, लग्नघरी आलेल्या लांबच्या मामासारखा. इथे लोखंडाच्या खाणी आहेत. मेश्राम काका मूळचे भंडाऱ्याकडचे, नागपूरला शिकलेले इंजिनियर. इथल्या खाणीतली अवजड यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेली. तुमचे आजोबा इथल्या दवाखान्यात डॉक्टर होते. गावात मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. मधे सात पायऱ्या, एक कुंपण आणि एक पत्रपेटी. आता दोन्ही घरांतले पुरुष निवृत्त आहेत, म्हणजे दिवसभर घरात आहेत.

काका जगातल्या कोणत्याच गोष्टीला तपासल्याशिवाय सोडत नाहीत. रेडिओने सांगितलं की बाहेर उणे वीस आहे, की ते ओला रुमाल घेऊन अंगणात उभे राहतात आणि तो काठीसारखा ताठ व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. मग आत येऊन म्हणतात, ‘‘उणे अठरा. रेडिओवाला घाबरवून राहिला आहे.’’ तळ्यावरचा बर्फ चालण्याजोगा झाला अशी पाटी लागली, की ते स्वतःचा गिरमिट घेऊन पाटीच्या शेजारीच भोक पाडतात. आजोबांनी त्यांना रक्तदाबाची गोळी लिहून दिली तेव्हा त्यांनी ती गोळी, तिचं पत्रक आणि आजोबांची डिग्री, तिन्ही वाचून घेतली.

मला सुरुवातीला राग येत असे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘वहिनी, आमच्या आज्याला लोक सांगत, विहिरीला हात लावायचा नाही, तसं लिहिलं आहे. कुठं लिहिलं आहे? तर ते वाचायचीही परवानगी नाही. आज्यानं मानलं. माझ्या बापानं नाही मानलं. त्यानं मला शाळेत घातलं तेव्हा एकच सांगितलं, बाबू, मानायचं नाही, तपासायचं.’’

त्या दिवसापासून ते आले की साखरेच्या डब्याचं झाकण मी स्वतः उघडून पुढे करते.

त्यांची बायको, सुशीला, अगदी उलट. ती सगळं मानायची. टीव्हीवरचा साबण, दुकानातली ‘आज शेवटचा दिवस’ची पाटी, माझी डब्यांवरची लेबलं. ‘‘आमच्या घरी कामं वाटून घेतली आहेत,’’ ती म्हणायची. ‘‘यांनी तपासायचं, मी मानायचं. दोघांनी तपासत बसलो तर जेवायला कधी बसायचं?’’

आता पिवळीबद्दल. ‘‘इज पिवळी अ काऊ?’’ असं मुक्ताने विचारलं होतं. नाही, पण नाव गाईचंच आहे, कारण ते सुशीलाने ठेवलं. पिवळी ही स्नोमोबाइल आहे, म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रुंद रबरी पट्टा. १९७१ साली बनलेली, हळदीच्या रंगाची. काकांनी ती एका खाणकामगाराच्या परसातून, अंगावर गवत उगवलेल्या अवस्थेत आणली आणि दोन उन्हाळे खपून जिवंत केली. तेव्हापासून हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी दोघं तिच्यावर बसून लाँग लेक ओलांडून पलीकडच्या बेकरीत जात. साडीच्या आत दोन लोकरी पँट, साडीवर जाकीट, जाकिटावर शाल, आणि शालीवर हेल्मेट, अशी सुशीला मागे बसायची. बेकरी फिनलंडकडच्या एका बाईंची, हेलनची. तिच्या गोड पावात वेलदोडा असतो. सुशीलाला दर रविवारी त्याचं नव्याने आश्चर्य वाटायचं. ‘‘इतक्या लांबच्या लोकांना वेलदोडा कोणी शिकवला असेल हो?’’ काका म्हणत, तपासतो.

२००२ च्या ऑक्टोबरात सुशीला आजारी पडली आणि बर्फ पडायच्या आत गेली.

त्याच हिवाळ्यात पिवळी बिघडली.

तिचं दुखणं मोठं चमत्कारिक होतं. तिसऱ्या हिसक्याला सुरू व्हायची. गॅरेजच्या दारात उभी करून ठेवली तर तासभर हूं की चूं न करता गुरगुरत राहायची. पण तळ्यावर नेली आणि वेग दिला, की बरोबर बारा मिनिटांनी खोकायची, आचके द्यायची आणि बंद. मग दोरी ओढून हात दुखले तरी ढिम्म. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी परत सुरू. आणि आणखी बारा मिनिटांनी पुन्हा तेच.

‘‘घरात शहाणी, बाहेर हट्टी,’’ काका म्हणाले.

तुमच्या आजोबांनी दुरूनच निदान केलं. ‘‘चाललं की दम लागतो, बसलं की बरं वाटतं. ही ॲन्जायना आहे, मेश्राम.’’

‘‘मग गोळी द्या ना डॉक्टर.’’

‘‘कुठून देऊ? तोंड दाखवा.’’

असे विनोद तीन हिवाळे चालले. तीनही हिवाळे काका गॅरेजमध्ये होते. त्यांनी एक जाड वही केली. तिच्यावर ‘पिवळी: संशयित’ असं लिहिलं आणि एकेका भागाची चौकशी सुरू केली. खाणीतही ते असंच करत. यंत्र बंद पडलं की त्याच्या प्रत्येक भागाला गुन्हेगार समजायचं, आणि निर्दोष ठरल्याशिवाय सोडायचं नाही. मी ती वही वाचली आहे. त्यातले दोन-तीन नमुने देते.

‘संशयित क्रमांक ४. स्पार्क प्लग, डावा. दिसायला गरीब. बदलून पाहिला. निर्दोष.’

‘संशयित क्रमांक ९. कॉइल. तापली की दगा देते असा जुना लौकिक. दुसरी मागवली. पिवळी तरीही बंद. क्रमांक ९ ची माफी मागितली.’

‘संशयित क्रमांक १७. पेट्रोलचा पंप. आतला पडदा कातडीसारखा कडक. मोठी आशा होती. पडदा नवा घातला. आशा गेली.’

कार्ब्युरेटर त्यांनी अकरा वेळा उघडला. त्याचे इवलेसे पितळी तुकडे आमच्याकडच्या पोह्यांच्या ताटलीत धुऊन मांडून ठेवत. ती ताटली मी नंतर परत घेतली नाही. ड्युलूथच्या विद्यापीठातली मराठी मुलं सणावाराला येत, ती म्हणत, ‘‘काका, नवीन घ्या ना यार. सेल चालू आहे.’’ काका त्यांना भजी वाढत आणि विषय बदलत.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा मी त्यांना चहा द्यायला गॅरेजमध्ये गेले होते. हातात फडकं, समोर पिवळीचं उघडं पोट. एकदम म्हणाले, ‘‘वहिनी, सुशी गेली आणि हिनं अंग टाकलं. गाई टाकतात तसं.’’

मग तेच ओशाळले. ‘‘काहीतरीच बोलून राहिलो मी,’’ असं म्हणत त्यांनी चहात साखर घातली. चाटून न पाहता घातली. मी ते लक्षात ठेवलं.

गेल्या जानेवारीत मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. पिवळी तळ्याच्या मध्यावर बंद पडली आणि वारा सुटला. काका तीन मैल चालत परत आले. डावा कान पांढरा पडला होता. आजोबांनी तो वाचवला, पण त्याचा शेंडा अजून जांभळट आहे. त्यांचा मुलगा सागर कॅरीला असतो, तिकडे नॉर्थ कॅरोलायनात, औषधांच्या कंपनीत. आजोबांनी त्याला फोन केला. करायलाच हवा होता, पण मेश्राम काका त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

सागरने काय सांगितलं ते काकांनीच मला ऐकवलं. ‘‘म्हणतो, बाबा, इनफ. आता घर विकायला लिस्टवर टाकू. तुम्ही इकडे मूव्ह व्हा. इथे देवळाशेजारी सीनियर लोकांचा ग्रुप आहे. मी म्हटलं, बाप्पा! मी देवळाशेजारी बसून काय तपासू?’’

‘‘मग?’’

‘‘मग मी शब्द दिला. एक मार्चच्या आत पिवळी तळं ओलांडून जाईल आणि परत येईल. मधे एकदाही बंद पडणार नाही. पडली, तर बॅग भरतो.’’

‘‘भाऊजी, असा शब्द कशाला दिलात?’’

‘‘मला खात्री आहे म्हणून.’’

‘‘तपासलीत का खात्री?’’

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना गप्प केलं होतं, आणि मला त्याचा मुळीच आनंद झाला नाही. कुंपणापलीकडचं घर रिकामं होईल, हे तोवर माझ्याही मनात आलं होतं. पाटी लागेल, कोणी अनोळखी लोक येतील, चांगलेच असतील. पण उणे वीसला रुमाल घेऊन उभं राहणारं माणूस त्यांच्यात नसेल. आणि काका कॅरीच्या त्या स्वच्छ घरात, कारपेटवर, हातात काही हत्यार नसताना बसलेले मला दिसत होते.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला. वहीत सव्वीस संशयित झाले होते. सव्वीसही निर्दोष.

मी त्यांना म्हटलं, ‘‘मला यंत्रातलं काही कळत नाही. पण तुमची वही वाचवत नाही. तेलाचे डाग, बाण, खाडाखोड. मी ती नीट उतरवून देते.’’

‘‘द्या. फायदा नाही काही.’’

लायब्ररीत एखादं पुस्तक सापडेनासं झालं की मी ते शोधत नसे. मी कपाट पहिल्या नंबरापासून लावून घेत असे. हरवलेलं पुस्तक आपोआप सापडतं, किंवा त्याची जागा तरी रिकामी दिसते. तेच मी इथे केलं. सव्वीस नावांची सव्वीस कार्डं लिहिली आणि गॅरेजमधल्या टेबलावर मांडत गेले.

‘‘विजेकडची इकडे ठेवते. पेट्रोलकडची तिकडे. आता मला सांगा, पेट्रोल कुठून कुठे जातं? क्रमाने सांगा.’’

‘‘टाकीतून नळीत. नळीतून गाळणीत. गाळणीतून पंपात. पंपातून कार्ब्युरेटरमध्ये. तिथून इंजिनात.’’ ते पाढे म्हटल्यासारखं म्हणत होते, मी कार्डं लावत होते.

‘‘टाकीत कुठून येतं?’’

‘‘टाकीत मी ओततो ना वहिनी.’’

‘‘ओतता कसं?’’

‘‘कसं म्हणजे? झाकण काढून.’’

‘‘झाकणाचं कार्ड नाही.’’

‘‘झाकणात काय असतं?’’ ते हसले. ‘‘झाकण झाकण आहे.’’

‘‘लिहिलं नाहीत म्हणून विचारलं. तपासलंत का?’’

ते उठले. जरा चिडूनच पिवळीच्या टाकीचं झाकण फिरवायला लागले. झाकण निघालं. त्याच्याखाली, टाकीच्या तोंडावर, जाड प्लास्टिकचा दुहेरी घडी घातलेला चौकोनी तुकडा होता. काकांनी तो दोन बोटांच्या चिमटीत, कोपऱ्याला धरून, हळूच उचलला आणि शेजारच्या स्वच्छ फडक्यावर ठेवला. इतका सराईतपणे, की हे ते दर वेळी करत असणार हे मला लगेच कळलं.

तो तुकडा मी ओळखला. माझ्या लोणच्याच्या सगळ्या बरण्यांना तसाच आहे. तुमची आई हसते त्याला, पण झाकणाखाली प्लास्टिक घातल्याशिवाय बरणी बंद केली असं मला वाटतच नाही. आम्ही चौघं वर्षातून दोनदा गाडी करून शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूवर वाणसामान आणायला जात असू. तिथल्या तांदळाच्या पिशव्यांचं प्लास्टिक चांगलं जाड असतं. ते आम्ही दोघी कापून, धुऊन, वाटून घ्यायचो.

‘‘हे सुशीलाचं,’’ मी म्हटलं.

‘‘हो. शेवटच्या उन्हाळ्यात तिनं लावलं. ट्रेलरवरून आणताना पेट्रोल डचमळायचं, माझ्या हातमोज्यांवर उडायचं. मला त्या वासानं शिंका येतात. तर म्हणाली, थांबा, बरणीसारखं करते.’’ ते हसले. ‘‘तेव्हापासून एक थेंब बाहेर नाही.’’

मी झाकण हातात घेतलं. मला खरंच यंत्रातलं काही कळत नाही. पण झाकणाच्या मधोमध सुईने पाडल्यासारखं एक भोक होतं, आणि कोणीतरी मुद्दाम पाडल्याशिवाय भोक पडत नाही, एवढं कळतं.

‘‘भाऊजी, हे भोक कशासाठी?’’

‘‘हवेसाठी. पेट्रोल खाली गेलं की वरून तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर आत ओढ बसते, मग पेट्रोल येणारच ना...’’

ते थांबले.

त्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग फडक्यावरच्या त्या तुकड्याकडे. मग जवळचं स्टूल ओढून त्यावर बसले.

सगळं जागच्या जागी बसत होतं. गॅरेजमध्ये पिवळी थोडं पेट्रोल पिते, तेवढी हवा कुठून तरी झिरपते. तळ्यावर घटाघटा पिते, आणि बारा मिनिटांत तिचा श्वास कोंडतो. अर्धा तास थांबलं की हवा हळूहळू आत शिरते, आणि बाई परत शहाणी.

‘‘सव्वीस जणांवर संशय घेतला, वहिनी,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘बिचाऱ्या कॉइलवर घेतला. तीन वर्षं पेट्रोल भरताना हे काढतो आहे, पुन्हा लावतो आहे. जसं तिनं लावलं होतं तसं, घडीवर घडी. याच्यावर नाही घेतला.’’

मला फार अपराधी वाटलं. गेलेल्या मैत्रिणीची चहाडी केल्यासारखं. मी म्हटलं, ‘‘कदाचित हे नसेलही कारण.’’

‘‘मानायचं नाही,’’ ते म्हणाले, आणि पुढचं त्यांच्याने म्हणवेना.

मग मीच म्हटलं, ‘‘तपासायचं.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासलं, तेही रीतसर. आधी प्लास्टिक लावून, किनाऱ्याकडेनेच चकरा मारत. मी किनाऱ्यावर घड्याळ धरून उभी होते. बाराव्या मिनिटाला पिवळी खोकली आणि बंद पडली. त्यांनी तिथेच झाकण सैल केलं. सुस्कारा टाकावा तसा ‘फुस्स’ आवाज मला वीस पावलांवरून ऐकू आला. दोरीचा एक हिसका, आणि इंजिन सुरू. मग तुकडा काढून झाकण लावलं. पंधरा मिनिटं झाली. तीस झाली. पन्नासाव्या मिनिटाला माझे पाय बधिर झाले आणि मी ओरडले, ‘‘भाऊजी, पुरे! मी मानलं!’’

त्यांनी सागरला फोन केला. सागर शेवटी त्यांचाच मुलगा. म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही म्हणता म्हणून मी नाही मानणार. तळं क्रॉस करा, परत या, आणि विटनेस पाहिजे. फोटोसकट.’’

आजोबांचे गुडघे त्या सीटवर मावत नाहीत. म्हणून साक्षीदार मी.

फोटो त्या रविवारचा आहे. साडीच्या आत दोन पँट मी सुशीलाच्याच पद्धतीने घातल्या होत्या. आमच्या किनाऱ्यावर आजोबा हात हलवत होते आणि खिशात दवाखान्याची निम्मी सामग्री घेऊन उभे होते. काकांनी दोरी ओढली. एक, दोन, तीन. मी त्यांच्या जाकिटाला गच्च धरलं आणि डोळे मिटले. मग लक्षात आलं की साक्षीदाराने डोळे मिटून चालत नाही.

मुलांनो, गोठलेलं तळं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. वर आकाश, खाली त्याचंच धुतलेलं प्रतिबिंब, आणि मधे फक्त एक पिवळा ठिपका, भर्रर्र आवाज करत. मी मनगटावर घड्याळ पाहत होते. दहा मिनिटं. अकरा. काकांचे खांदे कानापर्यंत वर गेले होते. बारा. त्यांचा हात वेगाच्या खटक्यावर सैल झाला, हिसका येणार म्हणून सवयीने सावरून बसले.

हिसका आला नाही. तेरा. चौदा. पिवळी चालत होती.

काका मान वळवून, इंजिनाच्या आवाजाच्या वर ओरडले, ‘‘सुशे, बघितलंस का?’’

आणि लगेच त्यांची मान सरळ झाली. खांदे तसेच थिजले. मला दिसत होता तो फक्त त्यांचा डावा कान, जांभळट शेंड्याचा.

मी जितकं मोठ्याने ओरडता येईल तितकं ओरडले, ‘‘बघितलं!’’

पलीकडे हेलनने दार उघडून आम्हाला पाहिलं आणि गल्ल्यावरची घंटा दोनदा वाजवली. तीन वर्षांनी आले म्हणून पावाचे पैसे घेईना. काकांनी पाव उघडून हुंगला, तपासला आणि म्हणाले, वेलदोडाच आहे. बेकरीतल्या फोनवरून सागरला सगळं सांगितलं. झाकण, भोक, प्लास्टिक. तिकडून आधी हसण्याचा आवाज आला. मग सागर म्हणाला तेवढं मलाही ऐकू आलं, ‘‘आई अशीच करायची. माझ्या बाटलीलासुद्धा.’’

‘‘एप्रिलमध्ये बर्फ वितळला की येतो कॅरीला,’’ काका म्हणाले. ‘‘दोन आठवडे. पाहुणा म्हणून. तुझ्या घरातलं काय बिघडलं आहे त्याची यादी करून ठेव.’’

परतताना पिवळी एकदाही खोकली नाही. वहीत त्या दिवशी काकांनी सत्ताविसावी नोंद केली. ती मी माझ्या कार्डावर जशीच्या तशी उतरवली आहे: ‘संशयित क्रमांक २७. सुशीला. गुन्हा सिद्ध. हेतू: मला शिंका येऊ नयेत.’

हे सगळं फेब्रुवारीतलं. ते एप्रिलमध्ये कॅरीला जाऊन आले, सागरचा डिशवॉशर आणि शेजाऱ्यांच्या दोन सायकली दुरुस्त करून. आता मुक्तासाठी एक छोटं हेल्मेट मागवायचं म्हणतात. मुक्ता, तुझ्या डोक्याचं माप मी सांगितलं, पण ते मानायला तयार नाहीत. तेव्हा दोऱ्याने डोकं मोजून तो दोराच पाकिटात घालून पाठव.

आणि तो प्लास्टिकचा तुकडा. काकांनी तो साबणाने धुतला आणि गॅरेजमधल्या तारेला, पान्यांच्या वर, दोन चिमटे लावून वाळत घातला. आपण पिशव्या घालतो तसा. काल मी चहा घेऊन गेले तेव्हाही तो तिथेच होता.

‘‘भाऊजी, वाळला नाही का अजून?’’ मी विचारलं.

त्यांनी उठून त्याला हात लावून पाहिला. पुढून, मागून, नीट.

‘‘नाही ना वहिनी,’’ ते म्हणाले. ‘‘जरासा ओलाच आहे अजून. राहू द्या.’’